नाव, खण आणि ओळख

सी भाषेत शब्दांचा कोश करायचा असला की एकेका शब्दाची नोंद एकेका नोडमध्ये ठेवतात. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांच्या ‘द सी प्रोग्रामिंग लँग्वेज’ या पुस्तकाची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये निघाली. तिच्या सहाव्या प्रकरणात या नोडची व्याख्या दिली आहे. अकोला-अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत डेटा स्ट्रक्चर्स शिकणारे विद्यार्थी कमीअधिक फरकाने तीच व्याख्या आजही वहीत उतरवतात. रचनेचे नाव ‘एनलिस्ट’ आणि तिच्यात तीनच घटक : ‘नेम’ म्हणजे शब्दाची अक्षरे जिथे आहेत तिकडे नेणारा पॉइंटर, ‘डेफ्न’ म्हणजे त्या शब्दाचा अर्थ जिथे आहे तिकडे नेणारा पॉइंटर, आणि ‘नेक्स्ट’ म्हणजे याच जातीच्या पुढच्या नोडकडे नेणारा पॉइंटर. नाव, अर्थ आणि दुवा, एवढाच हा संसार आहे.

मात्र हे तीन घटक का लागतात, दोनांवर का भागत नाही, असे विचारले की भारतीय दर्शनांनी शतकानुशतके घासलेला एक प्रश्न समोर येतो. वस्तूची ओळख कशात आहे? तिच्या नावात, नावाने कळणाऱ्या अर्थात, की ती जिथे ठेवली आहे त्या जागेत? नैयायिक, मीमांसक, बौद्ध आणि महानुभाव यांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली. सी भाषेतला हा लहानसा नोडही एक उत्तर देतो. ते उत्तर असे की जागा फक्त शोधासाठी असते, ओळखीसाठी नाव जसेच्या तसे जपावे लागते.

जागा कशी ठरते, ते आधी पाहू. सी भाषेच्या १९८९ च्या मानकात ३२ राखीव शब्द, म्हणजे कीवर्ड, आहेत. प्रोग्राम वाचताना समोर आलेला प्रत्येक शब्द या ३२ शब्दांशी आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याने योजलेल्या शेकडो नावांशी एकामागून एक ताडून पाहणे वेळखाऊ असते. म्हणून शब्दापासून गणिताने एक आकडा काढतात आणि त्या आकड्याच्या खणात त्याची नोंद ठेवतात. यालाच हॅशिंग म्हणतात. आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ही कल्पना मांडली. एकाच खणात आलेल्या नोंदी साखळीने जोडण्याची युक्तीही त्यांचीच.

कर्निघन-रिची यांच्या १९७८ च्या पहिल्या आवृत्तीतले गणित अगदी साधे होते. प्रत्येक इंग्रजी अक्षराला आस्की संकेतात एक आकडा असतो. शब्दातल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करायची, तिला १०० ने भागायचे आणि उरलेली बाकी हा खणाचा क्रमांक धरायचा. ‘इफ’ या शब्दात आय आणि एफ ही दोन अक्षरे आहेत. त्यांचे आकडे १०५ आणि १०२, बेरीज २०७, बाकी ७. म्हणजे ‘इफ’ सातव्या खणात. पुन्हा कधी ‘इफ’ शोधायचा झाला तर उरलेल्या ९९ खणांकडे पाहण्याचे कारण नाही.

आता ‘ऑटो’ घ्या. त्यातल्या चार अक्षरांचे आकडे ९७, ११७, ११६ आणि १११, बेरीज ४४१. ‘गोटू’ची अक्षरे १०३, १११, ११६ आणि १११, त्यांचीही बेरीज ४४१. ‘डिफॉल्ट’ची बेरीज ७४१. तिन्ही शब्द एकेचाळिसाव्या खणात जातात. ‘ऑटो’ हे एका विभागात जन्मून तिथेच संपणाऱ्या चलाचे विशेषण आहे, ‘गोटू’ ही उडी मारण्याची आज्ञा आहे, आणि ‘डिफॉल्ट’ म्हणजे कुठलाच पर्याय जुळला नाही तर घ्यायची वाट. या तिघांच्या अर्थात काडीचाही संबंध नाही. ‘फ्लोट’, ‘साइन्ड’ आणि ‘व्हॉइड’ असेच चौतिसाव्या खणात एकत्र येतात. ‘कंटिन्यू’ आणि ‘रजिस्टर’ या आठ-आठ अक्षरी शब्दांची बेरीज तर बाकी काढण्याआधीच सारखी, ८६९, भरते. ‘एनम’च्या खणात ‘व्हाइल’ जातो, ‘युनियन’च्या खणात ‘टाइपडेफ’. खण शंभर आणि शब्द बत्तीस असूनही बारा शब्दांना स्वतंत्र खण मिळत नाही.

न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत. गाईचे लक्षण ‘शिंगे असणे’ असे केले तर म्हैसही गाय ठरते. ही अतिव्याप्ती. ‘कपिल वर्ण असणे’ असे केले तर पांढरी गाय सुटते. ही अव्याप्ती. ‘एकच खूर असणे’ हे लक्षण कुठल्याच गाईला लागू पडत नाही. हा असंभव. हॅशच्या आकड्याला या कसोटीवर लावले तर त्याचे स्वरूप चटकन उमगते. तोच शब्द कितीही वेळा दिला तरी आकडा तोच येतो, त्यामुळे अव्याप्ती नाही. असंभवही नाही, कारण प्रत्येक शब्दाला आकडा मिळतोच. अतिव्याप्ती मात्र अटळ आहे. संभाव्य नावे अगणित आणि खण मोजके असल्यावर दोन नावे कधीतरी एका खणात येणारच. जाणूनबुजून सदोष ठेवलेले हे लक्षण आहे, आणि ते सदोष आहे हे लक्षात ठेवूनच ते वापरायचे असते.

दोष कमी करता येतो. १९८८ च्या आवृत्तीत लेखकांनी गणित बदलले. आतापर्यंतच्या आकड्याला ३१ ने गुणून त्यात पुढचे अक्षर मिळवायचे आणि शेवटी १०१ ने भागून बाकी घ्यायची. यामुळे अक्षरांचा क्रमही आकड्यात उतरतो. ‘ऑटो’ आता दहाव्या खणात जातो आणि ‘गोटू’ अठ्ठ्याहत्तराव्या. सहा किंवा त्याहून कमी अक्षरांचे २६ कीवर्ड या नव्या गणिताने २६ वेगळ्या खणांत पडतात. राखीव शब्द आधीच ठाऊक असल्याने एकही टक्कर होणार नाही असे गणित मुद्दाम बेतता येते, आणि तसे बेतून देणारी साधनेही आहेत. पण प्रोग्राम लिहिणारा उद्या कोणते नाव योजेल ते कोणालाच ठाऊक नसते. तिथे टक्कर टाळण्याची हमी कोणतेच गणित देऊ शकत नाही.

नावावरून खण ठरवण्याची पद्धत वऱ्हाडातल्या घरांना नवी नाही. अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांना एकेक अक्षर दिले आहे. एकूण १०८ अक्षरे बारा राशींत वाटली की एका राशीच्या वाट्याला नऊ येतात. जन्मवेळ नोंदलेली नसली की नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरास काढतात आणि तिच्यावरून लग्नाची पत्रिकाही जुळवतात. चू, चे, चो, ला, ली, लू, ले, लो आणि अ ही अक्षरे मेषेची. त्यामुळे लीला आणि अनिल एकाच खणात येतात, आणि त्यांच्यासोबत या अक्षरांनी सुरू होणारी इतर सगळी नावेही. हे बारा खणांचे आणि केवळ पहिल्या अक्षरावर चालणारे हॅशिंग आहे. मांडणी म्हणून त्यात वावगे काही नाही. पण एका खणात आलेल्यांचा स्वभाव, आरोग्य आणि विवाहसुख सारखे असते, असे म्हटले की लक्षणाची अतिव्याप्ती विसरून तिलाच स्वरूप मानले जाते. ‘ऑटो’ आणि ‘गोटू’ यांची बेरीज सारखी आहे म्हणून ‘ऑटो’ने उडी मारावी, अशी अपेक्षा कोणी करत नाही. केवळ नावराशीवरून मुलीचे स्थळ नाकारणाऱ्या घराने नेमकी तशीच अपेक्षा धरलेली असते. आणि या चुकीची किंमत मोजावी लागते ती त्या मुलीला.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. वऱ्हाडात अकोला आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले. इंग्रजीत किंवा घाईत लिहिलेल्या पत्त्यावर या दोन नावांचा घोळ होणे अगदी सोपे. देशभर अशी सारख्या नावांची हजारो गावे आणि पत्ते लिहिण्याच्या नाना भाषा. त्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड सुरू झाला. त्याची आखणी केली ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. दळणवळण खात्यातले हे अधिकारी संस्कृतचे कवी आणि पंडितही होते. वऱ्हाडातल्या अकोल्याला ४४४००१ मिळाला आणि अकोले गावाला ४२२६०१. इथे नावे सारखी आणि आकडे वेगळे. हॅशमध्ये नावे वेगळी आणि आकडा सारखा. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की नाव आणि आकडा यांपैकी एकच हाती असून भागत नाही, हे दिसते. पिन कोड पत्र टपाल कार्यालयापर्यंत आणतो. तिथून पुढे पोस्टमनला पाकिटावरचे नाव पूर्ण वाचावेच लागते. नोडमध्ये ‘नेम’ हा घटक असतो तो यासाठीच. खण सापडला म्हणजे शब्द सापडला, असे मानून नाव गाळले असते तर एकेचाळिसाव्या खणात ‘गोटू’ शोधणाऱ्याच्या हाती कदाचित ‘ऑटो’चा अर्थ पडला असता.

एका खणात तीन शब्द आले तर ते ठेवायचे कसे? खणात प्रत्यक्ष नोंद नसते, तिथे पहिल्या नोडचा पत्ता असतो. पहिला नोड ‘नेक्स्ट’मधून दुसऱ्याकडे नेतो, दुसरा तिसऱ्याकडे. व्याख्येतला तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग इथेच आहे, कारण ‘एनलिस्ट’ची व्याख्या चालू असतानाच तिच्या पोटात ‘एनलिस्ट’ हे नाव येते. व्याख्येत जिची व्याख्या करायची तीच वस्तू आली तर नैयायिक त्याला आत्माश्रय म्हणतात आणि ती व्याख्या बाद ठरवतात. सी भाषेचा नियमही तसाच कडक आहे. एनलिस्टच्या आत अख्खा एनलिस्ट ठेवू म्हटले तर कंपायलर नकार देतो. आत ठेवलेल्या एनलिस्टच्या आत आणखी एक, त्याच्या आत आणखी एक, अशी अनवस्था होईल आणि त्या रचनेला किती जागा लागेल हे कधीच ठरणार नाही. पॉइंटर मात्र चालतो. पत्ता लिहायला किती जागा लागते ते आधीच ठरलेले असते, मग तो पत्ता कोणाचाही असो. एक वस्तू आपल्यासारख्या दुसरीला पोटात घेऊ शकत नाही, पण तिच्याकडे बोट दाखवू शकते. आत्माश्रयातून काढलेली ही वाट इतकी स्वच्छ आहे की न्यायाच्या वर्गात उदाहरण म्हणून शिकवावी.

साखळी कुठेतरी संपावी लागते. शेवटच्या नोडच्या ‘नेक्स्ट’मध्ये नल असतो. पुढे कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. चुकून शेवटच्या नोडचा दुवा पहिल्याकडे वळला तर नैयायिकांनी सांगितलेला चक्रक दोष जसाच्या तसा घडतो. साखळीत नसलेला शब्द शोधणारा प्रोग्राम फिरत राहतो आणि कधीच थांबत नाही.

खणात आलेल्या तिघांपैकी एकालाच ठेवून बाकीचे टाकून देता आले असते. साखळी तसे करत नाही. वेगळ्याला वेगळे म्हणूनच शेजारी बसवण्याची ही रीत ज्यांना पाहायची आहे त्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरच्या इतिहासाकडे वळावे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे गोविंदप्रभूंच्या आणि नागदेवाचार्यांच्या सान्निध्यात महानुभाव पंथाची ग्रंथरचना सुरू झाली. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन जमवल्या आणि त्यातून लीळाचरित्र उभे राहिले. एकाच लीळेच्या आठवणी दोघांनी वेगवेगळ्या सांगितल्या तर त्या मिसळून त्यांची एकच गुळगुळीत कथा करण्याचा मोह पंथाने आवरला. पाठभेद ‘वासना’ म्हणून त्या त्या लीळेपाशी नोंदले गेले, आणि ते कोणाचे आहेत तेही सांगितले गेले. लीळा एक, तिच्याखाली वेगवेगळ्या आठवणी, आणि प्रत्येक आठवणीला तिच्या माणसाचे नाव. सातशे वर्षांपूर्वीच्या मराठी गद्याची ही शिस्त आजच्या कुठल्याही संपादकाने डोळ्यांपुढे ठेवावी.

पुढे केसोबासांनी स्वामींची वचने लीळांतून वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. वचने पाठ करायला आणि शोधायला सोपी झाली, पण वचन कोणत्या प्रसंगी निघाले हा धागा सुटला. म्हणून सूत्राला त्याच्या प्रसंगाशी पुन्हा जोडून देणारे ‘प्रकरणवश’ रचले गेले. नाव वेगळे काढले तर अर्थाकडे परत नेणारा दुवा ठेवावाच लागतो, हे या मंडळींना अनुभवातून कळले होते. पंथाच्या सकळ या सांकेतिक लिपीचा उल्लेखही इथे करावा लागेल. तिच्यात एका अक्षरासाठी एक ठरलेले चिन्ह आहे. म्हणूनच इतिहासाचार्य राजवाड्यांना ती उलगडता आली. हॅश मात्र उलगडत नाही. ४१ या आकड्यातून ‘गोटू’ परत मिळवता येत नाही, कारण त्या आकड्याकडे येणाऱ्या वाटा अनेक आहेत.

महानुभाव तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि एकमेकांहून खरोखर भिन्न आहेत. जीव परमेश्वराच्या सान्निध्याला पोहोचला तरी जीवच राहतो. एका खणात आलेल्या नोडांनी आपापली नावे राखावीत, ही गोष्ट या द्वैताला सहज मानवते. अद्वैती मात्र इथे हरकत घेईल. सगळे नोड शेवटी एकाच स्मृतीत आहेत, त्या स्मृतीचे बाइट सारखेच आहेत आणि नाव-रूपाचा भेद वरवरचा आहे, असे तो म्हणेल. हरकत खोटी नाही. पण अद्वैतीही व्यवहारात नामरूपाचा भेद मानतो, आणि कोशात शब्द शोधणे हा व्यवहारच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) यांनी मधुराद्वैत मांडले ते याच अडचणीला भिडून. अंतिम ऐक्य मान्य ठेवूनही देव आणि भक्त हे नाते त्यांनी विरघळू दिले नाही. नात्याला दोन टोके लागतात, आणि दुव्यालाही.

खणातली साखळी धुंडाळताना प्रत्येक नोडपाशी शोधलेल्या शब्दाची आणि नोडमधल्या नावाची अक्षरशः तुलना होते. सी भाषेतले तुलनेचे फंक्शन दोन शब्द सारखे असले की शून्य परत करते. त्याचे काम फरक शोधण्याचे आहे, आणि फरक शून्य निघाला की आपण त्याला सारखेपणा म्हणतो. बौद्ध आचार्य दिङ्नागाने ‘प्रमाणसमुच्चया’त मांडलेला अपोहसिद्धान्त याच्या बराच जवळ जातो. ‘गाय’ हा शब्द गाईतले कुठलेसे सामान्य तत्त्व दाखवत नाही, तो गाय नसलेल्या सगळ्यांना वगळतो, असे दिङ्नाग सांगतो. मीमांसक कुमारिल भट्टाने त्यावर हल्ला चढवला : गाय नसलेले कोण हे कळायला गाय आधी कळायला हवी. संगणकापुढे ही अडचण येत नाही, कारण तो शब्दाचा अर्थ समजून घेतच नाही, केवळ अक्षरे ताडतो. अपोह अक्षरांच्या पातळीवर बिनतक्रार चालतो. अर्थाच्या पातळीवर कुमारिलाचा आक्षेप अजून उभा आहे.

साखळी संपली, नल आला आणि शब्द सापडला नाही, तर प्रोग्राम ठामपणे सांगतो की हा शब्द कोशात नाही. शंभरपैकी नव्याण्णव खण न उघडता हा ठामपणा येतो कुठून? भाट्ट मीमांसकांनी अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण त्याला ‘योग्य’ अशी अट घातली. नुसते न दिसणे पुरेसे नाही. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे म्हणता येत नाही. हॅश नेमकी ही योग्यता पुरवतो. शब्द कोशात असता तर तो याच खणात असता, कारण त्याचा आकडा दरवेळी तोच येतो. हा खण शेवटपर्यंत पाहिला. म्हणून तो नाही. अव्याप्ती नसण्याचे मोल इथे कळते. अभाव प्रत्यक्षानेच कळतो असे म्हणणाऱ्या नैयायिकापेक्षा या बाबतीत कुमारिलाची बाजू अधिक भक्कम वाटते. नलकडे पाहून जे कळते ते नुसत्या नलमध्ये नसते. ते संपूर्ण शोधाच्या रीतीत असते.

नवा शब्द आला की त्याचा नोड साखळीच्या अग्रभागी बसतो. त्याआधी एक काम करावे लागते, आणि नवशिके हमखास इथेच अडखळतात. शब्द ज्या तात्पुरत्या जागेत वाचला गेला तिचाच पत्ता ‘नेम’मध्ये ठेवला तर पुढचा शब्द वाचताना ती जागा पुसली जाते. मग कोशातले सगळे नोड एकाच जागेकडे बोट दाखवतात आणि प्रत्येकाचे नाव शेवटी वाचलेल्या शब्दाचे होते. म्हणून नावाची स्वतंत्र प्रत काढून ती नोडच्या मालकीची करतात. उसन्या नावावर ओळख टिकत नाही.

नावाचा अर्थाशी असलेला संबंध कसा आहे, हा वाद जैमिनीपासून चालत आला आहे. मीमांसकांच्या मते हा संबंध औत्पत्तिक, म्हणजे अनादी आणि नित्य आहे. नैयायिकांच्या मते तो संकेत आहे. प्राचीन नैयायिक त्याला ईश्वराची इच्छा म्हणतात आणि शास्त्रकारांनी मागाहून ठरवलेल्या पारिभाषिक शब्दांना आधुनिक संकेत. कोशात हे दोन्ही प्रकार शेजारी नांदताना दिसतात. ‘इफ’, ‘व्हाइल’ यांचे अर्थ भाषेच्या कर्त्याने ठरवले आहेत आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला ते बदलता येत नाहीत. त्याने स्वतः योजलेली नावे मात्र त्याच्या संकेतावर चालतात. तेच नाव नव्या अर्थाने पुन्हा आले तर कर्निघन-रिची यांचे फंक्शन जुना अर्थ सोडून देते आणि नवा बसवते. नोड तोच राहतो आणि नावही तेच.

कीवर्डचा अर्थ तरी नित्य आहे का? ‘ऑटो’नेच याचे उत्तर दिले आहे. अनेक दशके तो जवळजवळ निरुपयोगी शब्द म्हणून पडून होता, कारण विभागातले चल तसेही त्याच प्रकारचे मानले जाई. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ मानकाने त्याला नवे काम दिले. चलाला दिलेल्या किमतीवरून त्याचा प्रकार ठरवून घ्यायचा, असे ‘ऑटो’ने आता सांगता येते. अक्षरे तीच, बेरीज ४४१ तीच, अर्थ दुसरा. भाषेचा मूळ संकेतही काळाबरोबर बदलतो. या वादात निर्णय नैयायिकांच्या बाजूने द्यावा लागतो.

एका अर्थाला अनेक नावेही असतात. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर म्हणजेच गाडगेबाबा, ज्यांचे नाव अमरावतीच्या विद्यापीठाला दिले आहे. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज. कोशात अशा दोन नावांचे दोन नोड होतील, बहुधा दोन वेगळ्या खणांत, आणि दोघांचे ‘डेफ्न’ एकाच जागेकडे नेईल. संज्ञा दोन, वस्तू एक. अशा वेळी एका नावाची नोंद पुसताना अर्थाची जागाही मोकळी केली तर दुसरे नाव रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहते. प्रोग्राममधल्या सर्वांत छळणाऱ्या चुकांपैकी ही एक आहे, आणि ती होते ती नाव व वस्तू यांत गल्लत केल्यामुळे.

कोश वाढला आणि साखळ्या लांबल्या की खणांची संख्या वाढवतात. १०१ ऐवजी २११ ने भागायचे ठरवले की जवळजवळ प्रत्येक नोंदीचा खण बदलतो. ‘ऑटो’ दहाव्या खणातून निघून दुसरीकडे जातो, ‘नेक्स्ट’ नव्या शेजाऱ्याकडे वळतो. ‘नेम’ आणि ‘डेफ्न’ यांना मात्र धक्काही लागत नाही. ओळख जागेत असती तर या फेरमांडणीनंतर कोशातला प्रत्येक शब्द नवा शब्द ठरला असता. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा झाला, तेव्हा कारंजा, रिसोड, मालेगाव आणि मंगरूळपीर अकोल्याच्या यादीतून वाशिमच्या यादीत गेले. कारंजाचा जिल्हा बदलला. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजाला येणारे दर्शनार्थी त्यानंतरही त्याच गावात येत राहिले.